मुलांना आणि स्वतःला ऑनलाइन त्रासापासून कसं जपावं: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

खाली दिलेले प्रश्न बहुतेक पालकांच्या मनात कधी ना कधी येतात, आणि काही प्रश्न मोठ्यांना स्वतःसाठीही पडतात. उत्तरांमध्ये सेटिंग्जबद्दल, कायद्याबद्दल, तक्रारीबद्दल लिहिलं आहे. पण एक गोष्ट जवळजवळ प्रत्येक उत्तरात पुन्हा येईल, कारण ती टाळून या विषयावर बोलताच येत नाही. त्रास देणाऱ्याचं सर्वांत मोठं हत्यार म्हणजे ‘घरी कळलं तर काय होईल’ ही मुलाची भीती. ती कमी करणं पालकांच्या हातात आहे.

ज्यांच्या घरी आत्ता, या क्षणी फोटो पसरवण्याची धमकी येते आहे, त्यांनी आधी ‘फोटो सगळ्यांना पाठवीन’ हा प्रश्न वाचावा. बाकीचं नंतर वाचलं तरी चालेल.

साधं भांडण आणि छळ यांत फरक कसा ओळखायचा?

नॉर्वेमध्ये संशोधन करणारे मानसशास्त्रज्ञ डॅन ओल्वेयस यांनी १९७०च्या दशकापासून शाळांमधल्या दादागिरीचा अभ्यास केला. छळाच्या त्यांनी सांगितलेल्या तीन खुणा आजही वापरल्या जातात: दुखावण्याचा हेतू, पुन्हा पुन्हा घडणं आणि दोघांच्या बळात तफावत. दोन मित्र एकमेकांवर चिडून वाटेल ते लिहितात आणि दोन दिवसांनी पुन्हा एकत्र खेळतात, तर ते भांडण आहे. एकाला ठरवून एकटं पाडलं जातं आणि त्याला प्रतिकारच करता येत नाही, तेव्हा तो छळ होतो.

ऑनलाइन जगात या खुणा थोड्या वेगळ्या तऱ्हेने दिसतात. फोटो एकदाच टाकलेला असतो, पण वर्गातला प्रत्येक जण तो पुढे पाठवतो तेव्हा त्या मुलासाठी तो तितक्या वेळा घडतो. बळाचं म्हणाल तर अंगाने किरकोळ असलेला मुलगाही खोट्या नावाच्या खात्याआडून सगळ्या वर्गाला घाबरवू शकतो. म्हणून ‘एकदाच तर बोलला’ किंवा ‘तो काय करणार आहे’ असं म्हणून प्रकरण मिटवू नका. मुलाची झोप, जेवण, शाळेत जाण्याची तयारी यांवर परिणाम झाला असेल, तर शब्दांच्या व्याख्येत अडकण्याची गरजच नाही.

मुलाला सोशल मीडियावर कोणत्या वयात जाऊ द्यावं? सगळीकडे १३ वर्षांची अट का असते?

ही अट मुलांच्या समजुतीचा विचार करून आलेली नाही. अमेरिकेत १९९८ मध्ये मुलांच्या ऑनलाइन खासगीपणाचा कायदा झाला. तेरा वर्षांखालच्या मुलांची माहिती गोळा करायची असेल तर पालकांची परवानगी घ्यावी लागेल, असं त्यात ठरलं. कंपन्यांनी त्यातून सोपा मार्ग काढला: तेरा वर्षांखालच्यांना खातंच उघडू द्यायचं नाही. तीच अट मग जगभर पसरली. युरोपच्या २०१८ पासून लागू झालेल्या नियमांत ही वयोमर्यादा १६ आहे, मात्र सदस्य देशांना ती १३ पर्यंत खाली आणता येते. ऑस्ट्रेलियाने डिसेंबर २०२५ पासून सोळा वर्षांखालच्यांना प्रमुख सोशल मीडियावर खातं ठेवायला बंदी केली.

तेव्हा तेरावा वाढदिवस झाला की मूल तयार झालं, असं समजू नका. माझ्या मते वयापेक्षा एक प्रश्न जास्त उपयोगी आहे: काही विचित्र घडलं तर हे मूल मला येऊन सांगेल का? उत्तर ‘नाही’ असेल, तर आधी त्यावर काम करा. खातं थांबू शकतं. आणि वय खोटं सांगून खातं उघडून देऊ नका. कंपनीच्या नोंदीत मूल मोठं ठरलं की लहान वयासाठी असलेली संरक्षणं त्या खात्याला लागू होत नाहीत.

वाईट हेतूचा माणूस मुलाशी ओळख वाढवतो ती नेमकी कशी?

याला ग्रूमिंग म्हणतात, आणि ते बहुतेकदा इतकं सौम्य असतं की मुलाला धोका जाणवतच नाही. आपण मुलांना ‘अनोळखी माणसाशी बोलू नकोस’ असं सांगतो. पण महिनाभर रोज गप्पा मारणारा माणूस मुलाच्या लेखी अनोळखी उरलेलाच नसतो. तो मित्र असतो, कधीकधी सगळ्यांत जवळचा.

सुरुवात उघड्या जागी होते: एखादा गेम, व्हिडिओखालच्या कमेंट्स, आवडत्या गायकाच्या चाहत्यांचा ग्रुप. माणूस कौतुक करतो, खेळात मदत करतो, गेममधली नाणी किंवा पोशाख भेट देतो. बहुतेकदा तो आपलं वय मुलाच्या जवळपासचं सांगतो. मग ‘इथे नको, तिकडे बोलू’ म्हणत गप्पा खासगी ॲपवर नेतो, जिथे दुसऱ्या कोणाची नजर नसते. त्यानंतर तो मुलाच्या घरातल्या भेगा शोधू लागतो. आईशी भांडण झालं का, बाबा रागावतात का, कोणी समजून घेत नाही का. प्रत्येक उत्तरावर तो म्हणतो, ‘मी आहे ना’. पुढे लहानसं गुपित येतं, मग मोठं. विषय शरीराकडे वळतो, गमतीच्या रूपात. एकदा मुलाने काही पाठवलं की सूर बदलतो आणि तेच त्याच्याविरुद्ध वापरलं जातं.

यातली प्रत्येक पायरी वेगळी पाहिली तर निरुपद्रवी वाटते. म्हणून मुलांना माणसाची ओळख तपासायला शिकवण्यापेक्षा त्याचं वागणं ओळखायला शिकवा. घरच्यांपासून लपवायला सांगणारा, गप्पा दुसऱ्या ॲपवर न्यायची घाई करणारा, फोटो मागणारा, कारण नसताना भेटी देणारा, ‘नाही’ म्हटल्यावर रुसणारा किंवा घाबरवणारा, असं कोणीही असेल तर येऊन सांगायचं. तो ओळखीतला असला तरीही, नात्यातला असला तरीही. हे शेवटचं वाक्य मुलांना मुद्दाम म्हणून दाखवा. मुलांचं नुकसान करणारी माणसं अनेकदा ओळखीतलीच असतात आणि मेसेजिंग ॲप त्यांनाही तितकंच सोयीचं पडतं.

मूल काहीच सांगत नाही. आपण कसं ओळखायचं?

खात्रीची खूण एकही नाही. पण सवयीतला बदल बोलका असतो. फोनपासून न हलणारं मूल अचानक फोन टाळू लागतं, किंवा मेसेज आला की त्याचा चेहरा पडतो. खोलीत कोणी आलं की स्क्रीन झाकली जाते. नवे मित्र आहेत, पण त्यांची नावं सांगितली जात नाहीत. कुठून आल्या ते न कळणाऱ्या वस्तू किंवा पैसे दिसतात, किंवा उलट मूल घाईघाईने पैसे मागतं. पोट दुखतं, शाळा नको होते, रात्री झोप लागत नाही.

यातलं बरंचसं वाढत्या वयातही दिसतं. म्हणून लगेच चौकशीला बसवू नका. समोरासमोर बसून विचारलेल्या प्रश्नापेक्षा चालता चालता, काम करता करता विचारलेला प्रश्न मुलांना सोपा जातो. ‘तुला कोणी त्रास देतंय का?’ याचं उत्तर बहुधा ‘नाही’ येतं. ‘तुमच्या वर्गात कोणाला ऑनलाइन त्रास झालाय का? मग त्याने काय केलं?’ असं विचारलं तर मूल बोलतं, आणि कधीकधी दुसऱ्याच्या नावाने स्वतःचीच गोष्ट सांगतं.

मुलाने सांगितलं. आता पहिल्यांदा काय बोलायचं?

‘बरं झालं सांगितलंस. यात तुझी चूक नाही. आपण मिळून बघू.’ एवढंच. याच क्रमाने.

आतून तुम्ही हादरलेले असाल, रागावलेले असाल. पण तुमचा पहिला चेहरा मूल कायम लक्षात ठेवतं आणि पुढचं सांगायचं की नाही हे त्यावरून ठरवतं. मुलं सहसा सगळं एकदम सांगत नाहीत. आधी थोडंसं सांगून अंदाज घेतात. त्या थोड्यावर तुम्ही ओरडलात, तर उरलेलं कधीच कळणार नाही. ‘तू फोटो पाठवलाच का?’, ‘तुला कितीदा सांगितलं होतं’ ही वाक्यं गिळून टाका. त्या क्षणी त्यांचा उपयोग फक्त त्रास देणाऱ्याला होतो, कारण तोही मुलाला हेच सांगत आलेला असतो: चूक तुझी आहे, घरचे तुलाच मारतील.

नियम मोडला होता का, याची चर्चा करायची असेल तर ती काही आठवड्यांनी, सगळं शांत झाल्यावर करा.

मग फोन काढून घ्यायचा की नाही?

शिक्षा म्हणून कधीही नाही. सांगितलं की फोन जातो, हे मुलांना एकदा कळलं की सांगणं थांबतं. त्याची भावंडंही तो धडा घेतात. शिवाय फोन म्हणजे त्याचे मित्रही, त्यामुळे ज्याला त्रास झाला तोच एकटा पडतो. काही दिवस रात्री फोन दुसऱ्या खोलीत ठेवूया, मेसेज आले तर मी वाचतो, तू वाचू नकोस, असं दोघांनी मिळून ठरवणं वेगळं. ते मुलाला आधार वाटतं.

‘पैसे दे नाहीतर तुझे फोटो सगळ्यांना पाठवीन’ अशी धमकी आली आहे. काय करायचं?

पैसे देऊ नका. आणखी फोटो पाठवू नका. संभाषण पुसून टाकू नका. मूल एकटं राहणार नाही याची काळजी घ्या.

आता थोडं सविस्तर. हा गुन्हा सेक्सटॉर्शन या नावाने ओळखला जातो आणि पैशांसाठी तो करणाऱ्या टोळ्या आहेत. सुंदर मुलीच्या फोटोचं खोटं खातं, झटपट वाढणारी जवळीक, ‘तूही पाठव ना’, आणि फोटो हाती पडताच मित्रयादीचा स्क्रीनशॉट दाखवून धमकी. ओळख ते धमकी हा प्रवास काही तासांतही पूर्ण होतो. अमेरिकेच्या एफबीआयने पालकांना दिलेल्या इशाऱ्यांनुसार पैशांसाठी होणाऱ्या या प्रकारात १४ ते १७ वयाचे मुलगे जास्त सापडतात. मुलगे सुरक्षित असतात हा समज म्हणूनच धोक्याचा आहे. त्यांच्याशी या विषयावर कोणी बोललेलंच नसतं.

पैसे दिल्याने धमकी थांबते, असं मुलाला वाटतं. अनुभव उलट आहे. पैसे देणारा सापडला की मागणी वाढते. धमकी देणाऱ्याला तुमचं मूल कोण आहे याच्याशी काही घेणंदेणं नसतं. तो एकाच वेळी अनेकांना हेच मेसेज पाठवत असतो. उत्तर आणि पैसे दोन्ही बंद झाले की तो बऱ्याचदा दुसरीकडे वळतो. फोटो पाठवणारच नाही, याची हमी मात्र कोणी देऊ शकत नाही. म्हणून पुढची पावलं लगेच उचला. पुरावा जपा, ते खातं ॲपमध्ये रिपोर्ट करा, नंतर ब्लॉक करा, पोलिसांच्या सायबर विभागाकडे तक्रार करा आणि खाली दिलेल्या फोटो थांबवण्याच्या सेवा वापरा. पैसे आधीच गेले असतील तर बँकेला ताबडतोब कळवा. पैसे दिले म्हणून तक्रार करता येत नाही, असं अजिबात नाही.

आणि सर्वांत महत्त्वाचं. या धमक्यांमुळे मुलांनी जीव दिल्याच्या घटना जगात घडल्या आहेत, काही तर धमकी सुरू झाल्यापासून अवघ्या काही तासांत. त्या रात्री मुलाजवळ झोपा. ‘आता सगळं संपलं’ असं ते म्हणालं तर ते शब्द गांभीर्याने घ्या, जीव द्यावासा वाटतोय का हे सरळ विचारा, आणि हेल्पलाइनची किंवा डॉक्टरची मदत त्याच वेळी घ्या. सरळ विचारल्याने तो विचार मुलाच्या डोक्यात शिरत नाही. उलट त्याला बोलायला वाट मिळते. मुलांना हे आधीच, काहीही घडलेलं नसताना सांगून ठेवा: कितीही लाजिरवाणा फोटो असला तरी त्यातून बाहेर पडता येतं आणि मी तुझ्या बाजूने असेन.

पुरावा कसा जपायचा?

संतापून चॅट उडवणं ही सगळ्यांत नैसर्गिक प्रतिक्रिया आहे, आणि त्याने तपासाचं सगळ्यांत जास्त नुकसान होतं. स्क्रीनशॉट घ्या, पण त्यात तारीख, वेळ आणि समोरच्याचं खातं दिसलं पाहिजे. वर दिसणारं नाव बदलता येतं, म्हणून प्रोफाइलची लिंक किंवा युजरनेमही लिहून ठेवा. स्नॅपचॅटसारखी ॲप स्क्रीनशॉट घेतल्याचं समोरच्याला कळवतात. तिथे दुसऱ्या फोनने स्क्रीनचा फोटो काढा. व्हॉट्सॲपमध्ये पूर्ण चॅट एक्सपोर्ट करता येतो. पैसे मागितले असतील तर खाते क्रमांक, क्यूआर कोड, व्यवहाराची नोंद, सगळं ठेवा.

एक अपवाद नीट लक्षात घ्या. मुलाचा नग्न किंवा लैंगिक स्वरूपाचा फोटो असेल तर त्याचे स्क्रीनशॉट काढू नका, तो स्वतःकडे किंवा शाळेच्या शिक्षकांकडे पुढे पाठवू नका. बहुतेक देशांत असा फोटो बाळगणं आणि पाठवणं हाच गुन्हा असतो, हेतू चांगला असला तरी. अशा वेळी धमकीचे मेसेज आणि खात्याची माहिती जपा आणि फोन आहे तसा पोलिसांना दाखवा.

नेटवर गेलेला फोटो परत मिळवता येतो का?

पूर्णपणे पुसला गेला, असं म्हणता येत नाही. पण त्याचा प्रसार बराच थोपवता येतो, आणि हे बहुतेकांना माहीतच नसतं.

२००९ मध्ये मायक्रोसॉफ्ट आणि संशोधक हॅनी फरीद यांनी फोटोडीएनए नावाचं तंत्र तयार केलं. फोटोपासून आकड्यांची एक खूण बनवली जाते, जणू त्या फोटोचा बोटाचा ठसा. तोच फोटो पुन्हा कुठे टाकला तर खूण जुळते आणि तो ओळखता येतो. खुणेवरून मूळ फोटो तयार करता येत नाही. याच कल्पनेवर दोन मोफत सेवा चालतात. फोटो काढला तेव्हा वय १८ पेक्षा कमी असेल, तर ‘टेक इट डाउन’. ही सेवा हरवलेल्या आणि शोषित मुलांसाठी काम करणारं अमेरिकेतलं राष्ट्रीय केंद्र चालवतं, आणि ती इतर देशांतूनही वापरता येते. सज्ञान व्यक्तींसाठी, संमतीशिवाय पसरवलेले खासगी फोटो थांबवायला २०२१ मध्ये सुरू झालेली ‘स्टॉप एनसीआयआय’ आहे. दोन्हींमध्ये फोटो कुठेही अपलोड करावा लागत नाही. खूण तुमच्याच फोनवर बनते आणि फक्त ती खूण सहभागी कंपन्यांकडे जाते. नाव न देताही ‘टेक इट डाउन’ वापरता येतं.

मर्यादाही सांगायला हव्यात. सहभागी नसलेल्या साइटवर याचा उपयोग होत नाही, आणि व्हॉट्सॲपसारख्या एनक्रिप्टेड, म्हणजे बोलणाऱ्यांखेरीज कोणालाच वाचता न येणाऱ्या संभाषणात आत काय चाललं आहे हे ही सेवा पाहू शकत नाही. त्यामुळे प्रत्येक ठिकाणी वेगळं रिपोर्टही करा. गूगलकडे अशा फोटोंची लिंक शोध-निकालांतून काढण्याची विनंती करता येते.

फोटो खोटा आहे, एआयने बनवलेला. तरीही तक्रार करायची?

हो, आणि तितक्याच तातडीने. साध्या फोटोवरून नग्न फोटो बनवणारी साधनं आता शाळकरी मुलांच्याही हाती आहेत. ‘खरा नाहीच ना, मग कशाला मनावर घेतेस’ असं त्या मुलीला म्हणू नका. तिचा चेहरा खरा आहे, तिच्याकडे बघून हसणारी मुलं खरी आहेत. वरच्या दोन्ही सेवा अशा बनावट फोटोंसाठीही वापरता येतात. फोटो वर्गातल्याच कोणी बनवला असेल तर शाळेला लेखी कळवा, तोंडी नको.

आधी ब्लॉक करायचं की रिपोर्ट?

पुरावा, मग रिपोर्ट, मग ब्लॉक. व्हॉट्सॲपवर रिपोर्ट केलं की त्या व्यक्तीचे तुम्हाला आलेले शेवटचे पाच मेसेज कंपनीकडे जातात, आणि समोरच्याला ते कळत नाही. ब्लॉक केलेली व्यक्ती एखाद्या ग्रुपमध्ये तुमच्याबरोबर असेल तर तिथे ती दिसत राहते. तिथून तुम्हाला बाहेर पडावं लागेल किंवा ॲडमिनला सांगावं लागेल.

वर्गाच्या ग्रुपवर माझ्या मुलाची टिंगल होते. मी ग्रुपमध्ये उतरून बोलू का?

नको. पालकाने मुलांच्या ग्रुपवर झापलं की दुसऱ्या दिवशी टिंगलीला नवा विषय मिळतो. त्या मुलाच्या आईवडिलांना तिरीमिरीत फोन करण्यानेही बहुधा दोन घरांचं भांडण होतं आणि मुलं मधल्यामध्ये राहतात. मुलाला काय हवं आहे ते आधी विचारा. मग वर्गशिक्षकांना पुराव्यासकट लिहून कळवा आणि शाळा काय करणार, केव्हा करणार हे विचारा.

ग्रुपमध्ये गप्प बसलेल्यांकडेही लक्ष द्या. छळ टिकतो तो बघ्यांच्या हसऱ्या इमोजींवर. तुमचं मूल अशा ग्रुपमध्ये बघ्याच्या भूमिकेत असेल, तर सर्वांसमोर भिडण्याचं धैर्य त्याच्याकडून मागू नका. त्रास होणाऱ्याला खासगीत ‘हे चुकीचं आहे, मी तुझ्याबरोबर आहे’ असं लिहिणं त्याला जमेल. ज्याला ते मेसेज मिळतात त्याच्यासाठी त्यांची किंमत फार मोठी असते.

त्रास देणारं माझंच मूल निघालं तर?

आधी नाकारू नका. ‘माझा मुलगा असं करणारच नाही’ हे वाक्य त्या दुसऱ्या मुलावरचा आणखी एक घाव ठरतो. मेसेज स्वतः वाचा, मुलाकडून सगळं ऐका, जे टाकलं ते काढायला लावा. जबरदस्तीची माफी सहसा फुकट जाते. समोरच्याला भेट नको असेल तर माफी लांबूनच मागायची. हेही शोधा की हे आलं कुठून. अनेकदा त्रास देणाऱ्या मुलाला कुठेतरी स्वतःला तसाच त्रास झालेला असतो, किंवा घरातले मोठे फोनवर कोणाबद्दल कसं बोलतात ते त्याने ऐकलेलं असतं.

माझ्यावरच ट्रोलिंग होत असेल तर उत्तर द्यावं का?

मतभेद असेल तर एकदा, शांतपणे द्या. शिवीगाळ असेल तर देऊ नका. प्रत्येक उत्तराने ती पोस्ट आणखी लोकांपर्यंत जाते. काही दिवस कमेंट्स मर्यादित करा, ठरावीक शब्द फिल्टरमध्ये टाका, आणि विश्वासातल्या कोणाला तरी मेसेज वाचायला आणि नोंद ठेवायला सांगा. ते सगळं स्वतःच वाचत बसण्याची गरज नाही. पत्ता, फोन नंबर, मुलांची शाळा जाहीर केली असेल, किंवा बलात्काराची, मारण्याची धमकी असेल, तर ते ट्रोलिंग राहिलेलं नाही. थेट पोलिसांत जा.

मुलाच्या फोनवर गुपचूप नजर ठेवणारं ॲप टाकावं का?

माझं स्पष्ट मत: टाकू नये. मूल लहान असताना उघडपणे ठेवलेली नजर ठीक आहे. गूगलचं फॅमिली लिंक, ॲपलचं स्क्रीन टाइम ही साधनं मुलाला माहीत असताना वापरायची असतात. चोरून वाचलेला मेसेज मात्र तुम्हाला माहिती देतो आणि विश्वास घेऊन जातो. मुलाला ते कळतंच. मग ते दुसरं खातं उघडतं आणि तिथे तुम्ही नसता. संयुक्त राष्ट्रांच्या बालहक्क समितीने २०२१ मध्ये स्पष्ट केलं आहे की मुलांचे हक्क डिजिटल जगातही लागू होतात, आणि खासगीपणा हा त्यांतलाच एक आहे. जीवाला धोका असल्याचं ठोस कारण असेल तेव्हा गोष्ट वेगळी. तेव्हाही ‘मला काळजी वाटते म्हणून मी पाहणार आहे’ असं सांगून पाहा.

किमान कोणती सेटिंग्ज करावीत?

मुलाचं खातं खासगी करा. मेसेज फक्त ओळखीचे लोक पाठवू शकतील असं ठेवा. इन्स्टाग्रामने सप्टेंबर २०२४ पासून किशोरवयीनांच्या खात्यांना हे आपोआप लावायला सुरुवात केली, पण जन्मतारीख खरी असेल तरच. व्हॉट्सॲपमध्ये ग्रुपमध्ये कोण ओढू शकेल हे ‘माझे संपर्क’ इतकंच ठेवा, प्रोफाइल फोटोही तसाच, आणि अनोळखी कॉल सायलेंट करा. दोन टप्प्यांची पडताळणी (पासवर्डखेरीज आणखी एक कोड किंवा पिन) प्रत्येक खात्याला लावा, तुमच्याही. कॅमेऱ्याची लोकेशनची परवानगी बंद करा, नाहीतर फोटोच्या फाइलमध्ये जागेची नोंद राहते. गेममधलं व्हॉइस चॅट वेगळं तपासा. पालकांची नजर सहसा तिथपर्यंत पोहोचत नाही.

हे सगळं मुलाला शेजारी बसवून करा, आणि त्याच बैठकीत तुमच्या फोनचीही सेटिंग्ज त्याला तपासू द्या.

आम्ही स्वतः मुलांचे फोटो टाकतो. त्यात धोका आहे?

शाळेचा गणवेश, घराचं दार, रोजच्या वेळा, पूर्ण नाव आणि जन्मतारीख एकत्र दिसतील असे फोटो टाळा. आंघोळीचे, कमी कपड्यांतले फोटो अगदी तान्ह्या बाळाचेही टाकू नका. तुम्हाला ते निरागस दिसतात, पण ते गोळा करणारे लोक आहेत. मूल बोलू लागलं की टाकण्याआधी त्याला विचारा आणि ‘नाही’ म्हटलं तर खरंच टाकू नका. आपल्या फोटोवर आपला हक्क असतो, हे ते पहिल्यांदा तुमच्याकडूनच शिकतं.

जोडीदार किंवा जुना जोडीदार माझ्या फोनवर नजर ठेवतो असं वाटतं. कुठून सुरुवात करू?

घाईने ॲप काढू नका, फोन रिसेट करू नका. नजर तुटल्याचं त्याला लगेच कळतं, आणि अशाच वेळी हिंसा वाढू शकते. आधी सुरक्षित जागा आणि सोबत ठरवा. मदत शोधायला तुमचा फोन वापरू नका, मैत्रिणीचा किंवा ऑफिसचा वापरा. त्यानंतर व्हॉट्सॲपची जोडलेली उपकरणं, गूगल खात्यावरची उपकरणं, लोकेशन कोणाला दिसतं, हे तपासा. आयफोनमध्ये २०२२ पासून यासाठी ‘सेफ्टी चेक’ नावाची सोय आहे. पासवर्ड बदलायचे ते ज्या फोनला त्याने कधी हात लावलेला नाही अशा फोनवरून. मुलांच्या टॅबवर, भेट म्हणून आलेल्या खेळण्यांवर आणि घड्याळांवरही लक्ष ठेवा.

पोलिसांत कधी जायचं?

मुलाकडे लैंगिक फोटो किंवा भेट मागितली असेल, जीवाची धमकी असेल, पैसे उकळले जात असतील, पाठलाग होत असेल, तर वाट पाहू नका. दखल घेतली नाही तर वरिष्ठांकडे लेखी द्या आणि पोच घ्या. मुलाचा जबाब होताना तुम्ही जवळ असायला मिळेल का, त्याला सगळं पुन्हा पुन्हा सांगावं लागणार नाही ना, हे आधी विचारा. तिथे जाण्याआधी आतमध्ये काय होईल ते मुलाला समजावून सांगा.

त्रास थांबला, पण मूल अजून पूर्वीसारखं नाही. किती दिवस वाट पाहावी?

यासाठी ठरावीक मुदत नसते. खातं बंद झालं, गुन्हेगार पकडला गेला, तरी फोटो कोणाकोणाकडे असेल ही धास्ती मनात राहते. मोठ्यांना वाटतं की विषय काढला नाही तर मूल विसरेल, आणि मुलाला वाटतं की घरच्यांना माझी लाज वाटते म्हणून कोणी बोलत नाही. तेव्हा अधूनमधून तुम्हीच विचारा, साध्या शब्दांत, उत्तराची सक्ती न करता. झोप, भूक, अभ्यास, मित्र यांतलं काही आठवड्यांनंतरही रुळावर येत नसेल, मूल स्वतःला इजा करत असेल किंवा नको नको ते बोलत असेल, तर बालमानसोपचारतज्ज्ञाकडे न्या. स्वतःसाठीही मदत घ्या. ‘आपलं लक्ष कसं नव्हतं’ हा विचार आईवडिलांना पोखरतो आणि पोखरलेल्या माणसाला मुलाचं ऐकून घेणं जड जातं.